स्पर्धेचे नियम वाचल्याशिवाय टीम बांधू नका

कलेक्टिबल मिनिएचर गेम म्हणजे बोटभर उंचीच्या, बहुतेक वेळा आधीच रंगवून आलेल्या फिगर घेऊन पटावर खेळायची लढाई. फिगर बंद पाकिटात मिळतात. आत काय निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. काही ढिगाने निघतात, काही हाती लागता लागत नाहीत. प्रत्येक फिगरला पॉइंटची किंमत ठरलेली असते आणि दोन्ही बाजूंनी ठरलेल्या एकूण पॉइंटात आपापली टीम बसवायची.

विझकिड्स कंपनीने २००० साली ‘मेज नाइट’ आणला, त्यात फिगरच्या बैठकीतच फिरणारी डायल होती. मार बसला की डायल एकेक क्लिक पुढे सरकवायची आणि खिडकीत दिसणारे आकडे बदलत जायचे. २००२ मध्ये त्याच तंत्रावर ‘हीरोक्लिक्स’ आला. विझार्ड्स ऑफ द कोस्टने २००३ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स मिनिएचर्स’ आणि २००४ मध्ये ‘स्टार वॉर्स मिनिएचर्स’ काढले. २०१२ चा फँटसी फ्लाइट कंपनीचा, अवकाशयानांच्या लढाईचा ‘एक्स-विंग’ थोडा वेगळा. तिथे डब्यात कोणतं यान आहे ते बाहेरूनच दिसतं, पण जमवाजमवीची खाज तीच.

अशा प्रत्येक खेळाला नियमांची दोन कागदपत्रं असतात. एक म्हणजे नियमपुस्तिका: फिगर किती घरं चालते, हल्ला कसा करायचा, फासे कसे मोजायचे. दुसरं म्हणजे स्पर्धेची नियमावली: टीम किती पॉइंटांची, कोणते संच चालतील, राउंड किती मिनिटांचा, वेळ संपली तर विजेता कसा ठरवायचा, जोड्या कशा लावायच्या. नवा खेळाडू पहिली पुस्तिका पाठ करून येतो आणि दुसरीकडे बघतही नाही, कारण ती कारकुनी वाटते. पण कोणती फिगर विकत घ्यावी, कोणती घरी ठेवावी आणि पुढे केव्हा व्हायचं, हे या दुसऱ्या कागदावरच ठरतं.

वेळ संपली की काय मोजतात?

घरी खेळताना डाव संपेपर्यंत चालतो. स्पर्धेत तसं परवडत नाही, सगळ्या टेबलांवर पुढचा राउंड एकदमच सुरू व्हायला हवा. म्हणून हीरोक्लिक्समध्ये राउंड साधारण ५० मिनिटांचा असतो, एक्स-विंगमध्ये बराच काळ ७५ मिनिटांचा होता. घंटा वाजली आणि दोघांच्याही फिगर पटावर शिल्लक असल्या, तर गुण मोजून निकाल लावायचा. या मोजणीची पद्धत जराशी बदलली, तरी संपूर्ण खेळ वेगळा होऊन बसतो.

समजा टीम ३०० पॉइंटांची आहे. तुमच्याकडे २०० पॉइंटांचा एक राक्षस आणि ५० पॉइंटांच्या दोन फिगर. समोरच्याकडे ५० पॉइंटांच्या सहा. नियम असा की, पूर्ण मेलेल्या फिगरचेच गुण मिळणार. घंटा वाजते तेव्हा तुमच्या राक्षसाच्या दहा क्लिकपैकी नऊ संपल्यात, आणखी एक फटका बसला की तो आडवाच. तुम्ही त्यांची एकच फिगर मारली आहे. निकाल ५०–०, तुम्ही जिंकलात. पटावर बघणारा कुणीही सांगेल की समोरचा वरचढ होता, पण गुणपत्रिकेला नऊ क्लिक दिसतच नाहीत.

हे एकदा लक्षात आलं की खेळाडू काय करतो? मोठी, दमदार, चिवट फिगर घेतो. आधी समोरचं काहीतरी लहानसहान मारून आघाडी घेतो. मग राक्षस जखमी झाला की त्याला कोपऱ्यात नेऊन बसवतो. उरलेलं काम घड्याळ करतं. यात कुठे लबाडी नाही, एकही नियम मोडलेला नाही. नियमाने ज्याला बक्षीस ठेवलं, तेच त्याने केलं.

एक्स-विंगच्या पहिल्या आवृत्तीत हेच झालं. मोठ्या यानाचे सगळे गुण ते फुटेपर्यंत शाबूत राहायचे, म्हणून जखमी मोठं यान पळवत ठेवणं फायद्याचं होतं. शेवटी स्पर्धेच्या नियमावलीत बदल झाला: मोठ्या यानाचं निम्मं बळ संपलं की समोरच्याला त्याचे निम्मे गुण. यान तेच, ढाली तेवढ्याच, कार्डावरचा शब्दही बदलला नव्हता. तरी पळत राहण्यातली मजा गेली. २०१८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा निम्म्या गुणांचा नियम लहान यानांनाही लागू केला.

घड्याळाचा दुसरा त्रास जास्त नाजूक आहे. आघाडीवर असलेला खेळाडू सावकाश खेळू लागला तर? मुद्दाम वेळ काढायला सगळीकडेच मनाई असते. पण विचार करणारा माणूस आणि वेळ काढणारा माणूस लांबून अगदी सारखेच दिसतात. जज फार तर येऊन उभा राहतो आणि “जरा लवकर” म्हणतो. त्यात ज्याची टीम आठ फिगरची आहे त्याला प्रत्येक पाळीला खरोखरच जास्त वेळ लागतो. त्याच्यावर शंका घेतली तर अन्याय, न घ्यावी तर समोरच्यावर अन्याय. त्यामुळे पुष्कळ अनुभवी लोक मोठ्या घोळक्याची टीम स्पर्धेला आणतच नाहीत. ती दुबळी असते असं नाही, पण डाव पूर्ण होत नाही आणि अर्ध्या डावावर गुण मिळत नाहीत.

मग बुद्धिबळासारखं घड्याळ का लावत नाहीत? ‘वॉरमशीन’ या मिनिएचर खेळाच्या स्पर्धांमध्ये लावतात. तिथे प्रत्येकाला आपापली ठरावीक मिनिटं मिळतात आणि ती संपली की डाव हरला. तिथे ते जमतं, कारण एकाची पूर्ण पाळी झाली की दुसऱ्याची सुरू होते. एक्स-विंगमध्ये मात्र दोघेही एकाच वेळी, एकमेकांपासून लपवून, आपापल्या यानांची चाल सुट्या डायलवर लावतात. तेव्हा कुणाचं घड्याळ चालू ठेवायचं?

दार लावून बसलेला खेळाडू

स्टार वॉर्स मिनिएचर्समधलं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. तिथल्या नकाशांवर खोल्या होत्या आणि खोल्यांना दारं. फिगर जवळ आली की दार एरवी आपोआप उघडायचं. पण ‘ओव्हरराइड’ ही क्षमता असलेली एखादी स्वस्तातली फिगर, आर-टू-डी-टूसारखी, दार आपल्या मर्जीने बंद करून ठेवू शकायची. आता गणित मांडा. एक फिगर मारली, आघाडी मिळाली, सगळी टीम खोलीत घेतली आणि दार लावलं. समोरच्याकडे ओव्हरराइड नसेल तर त्याने बाहेर उभं राहून घड्याळ बघायचं.

यावर उपाय म्हणून दार बंद करण्याची क्षमताच काढून टाकता आली असती. तसं न करता स्पर्धेत ‘गॅम्बिट’ नावाचे गुण आले: डावातल्या प्रत्येक फेरीच्या शेवटी नकाशाच्या मध्यापासून ठरावीक घरांच्या आत तुमची फिगर असेल तर ५ गुण. आत दडून बसलात तर बसा, पण बाहेरचा माणूस दर फेरीला ५ गुण खिशात घालत राहणार. पाच-सहा फेऱ्यांत तुमची आघाडी संपली आणि आता दार तुम्हालाच उघडायचं आहे.

मला हा नियम आवडतो, कारण तो कुणाला काही करायला मनाई करत नाही. पण त्याची किंमतही आहे. गॅम्बिट आल्यावर मध्यभागी धावत जाऊन उभी राहणारी तीन-चार पॉइंटांची फिगर एकदम मोलाची झाली. तिने एकही गोळी झाडायची नव्हती, नुसतं उभं राहायचं होतं. मध्यापर्यंत लवकर पोहोचता येईल असा नकाशा निवडणं हे वेगळंच शास्त्र झालं. एक पळवाट बुजवली की दुसरी कुठेतरी उघडते, आणि मिनिएचरच्या स्पर्धांमध्ये ती शोधणारे लोक फार हुशार असतात.

मोकळे सोडलेले पॉइंट

एखाद्याने १०० पॉइंटांच्या स्पर्धेत ९२ पॉइंटांचा ताफा आणला तर नवख्याला वाटेल की याचा हिशेब चुकला. एक्स-विंगमध्ये तो मुद्दाम असायचा. नियम असा होता की ज्याच्या ताफ्याचे पॉइंट कमी, तो आधी कुणी चालायचं ते ठरवणार. दोन्हीकडे सारख्याच कौशल्याचे वैमानिक असले तर नंतर चालणाऱ्याला समोरचा कुठे जाऊन थांबला ते दिसतं आणि तो त्याच्या पाठीशी जाऊन बसतो. चपळ यानांच्या लढतीत एवढ्यावर डाव फिरायचा.

म्हणून लोक काही पॉइंट रिकामे सोडू लागले. त्याला बिड म्हणायचे. कुणी तीन सोडले, तर दुसऱ्याने पाच, मग तिसऱ्याने आठ. घरी बसून, समोर कोण येणार हे माहीत नसताना, कुणी किती सोडले असतील याचा अंदाज बांधायचा आणि त्याहून एक जास्त सोडायचा. म्हणजे हा एक न बोलता चाललेला लिलावच. त्यात जो एका पॉइंटने मागे पडला, त्याने हत्यारंही सोडली आणि हक्कही गमावला. २०२२ मध्ये खेळाचं व्यवस्थापन अॅटॉमिक मास गेम्सकडे असताना नियम बदलला आणि क्रम दर फेरीला, डायल लावून झाल्यावर, फाशांनी ठरू लागला. बिड संपली. दहा वर्षांत त्यावर कसब कमावलेल्यांनी पुष्कळ आदळआपट केली. बाकीच्यांना पूर्ण पॉइंट खर्च करून टीम बांधता येऊ लागली. माझं मत विचाराल तर क्रम आधी माहीत असण्यातलं नियोजन गेलं हे खरं नुकसान आहे, बिड गेली हे नाही.

जिंकूनही बाहेर का?

बहुतेक स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. ही पद्धत बुद्धिबळातून आली. १८९५ साली झ्युरिकच्या स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली गेली. हरला की घरी, असं यात नसतं. दर राउंडला सारखे विजय असलेल्यांची जोडी लागते आणि सगळे शेवटपर्यंत खेळतात. दूरवरून आलेल्या माणसाला पहिल्याच डावानंतर सामान आवरावं लागत नाही, हा तिचा मोठा गुण.

आकडे मात्र समजून घ्यायला हवेत. ३२ खेळाडू, पाच राउंड, त्यातून पहिले आठ बाद फेरीला जाणार. एकही डाव बरोबरीत सुटला नाही असं धरा. पाचही जिंकलेला एक निघतो. चार जिंकून एक हरलेले पाच. तीन जिंकून दोन हरलेले दहा. पहिले सहा तर नक्की झाले. उरलेल्या दोन जागांसाठी हे दहा जण, सगळ्यांचे विजय सारखेच. आठ जण बाहेर जाणार आणि ते कोण, हे टायब्रेकर, म्हणजे सारखे विजय असलेल्यांत वर-खाली लावणारा निकष, ठरवणार.

टायब्रेकर मुख्यतः दोन प्रकारचे. पहिला म्हणजे विजयाचं अंतर, अर्थात किती गुणांनी जिंकलात किंवा हरलात. हा असेल तर जिंकलेला डावही आणखी मारून मोठा करावा लागतो आणि हरत असताना शेवटची फिगर वाचवणं महत्त्वाचं ठरतं. नवख्याला पाच मिनिटांत साफ करणाऱ्याला इथे बक्षीस, आणि अटीतटीचा डाव खेळून थोडक्यात जिंकणाऱ्याला शिक्षा. दुसरा प्रकार म्हणजे तुमचे प्रतिस्पर्धी किती तगडे होते ते मोजणं. हा जास्त न्याय्य, पण तुमच्या हातात काहीच राहत नाही. पहिल्या राउंडला तुम्ही ज्याला हरवलं तो कंटाळून दुपारीच निघून गेला, तर त्याचा भुर्दंड तुम्हाला. पहिला पर्याय असलेल्या स्पर्धेत आक्रमक, पटकन मारणारी टीम न्यावी. दुसऱ्यात जिंकणं महत्त्वाचं, कसं ते नाही.

यातूनच ठरवून केलेली बरोबरी येते. शेवटच्या राउंडला समोरासमोर आलेल्या दोघांना दिसतं की बरोबरी केली तर दोघेही पुढे जातात, खेळलो तर एक जण धोक्यात. ते हात मिळवतात आणि चहाला जातात. काही नियमावल्या याला परवानगी देतात, काही देत नाहीत. परवानगी असली तर टेबल क्रमांक नऊवरचा माणूस, जो आपला डाव जिंकूनही त्यामुळे बाहेर राहतो, तो चिडणार. परवानगी नसली तर दोघं कोपऱ्यात फिगर ठेवून ५० मिनिटं गप्पा मारणार. ते बरोबरी करतायत हे सिद्ध कसं करायचं?

पैसा, पाकीट आणि निवृत्ती

स्पर्धेत बहुधा खरी फिगरच लागते. दुसरीच फिगर ठेवून “ही ती समजा” म्हणता येत नाही. त्यामुळे दुर्मीळ फिगर ज्याला परवडते तो एक पाऊल पुढे असतो, आणि हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यावरचा जुना उतारा म्हणजे सील्ड स्पर्धा. प्रत्येकाने तिथेच पाकिटं फोडायची आणि निघालेल्या फिगरमधूनच टीम बांधायची. हीरोक्लिक्समध्ये साधारणपणे पाच फिगरची दोन पाकिटं मिळतात. दहा फिगर, ३०० पॉइंट, अर्धा तास. इथे घरचा साठा निरुपयोगी. साध्या, कुणी हुंगूनही बघत नाही अशा फिगरची खरी ओळख अशाच डावात होते. नशीब राहतंच, पण पैशाचं वजन कमी होतं.

ड्राफ्टमध्ये पाकीट फिरवत एकेक फिगर निवडतात. त्यात एक गंमत आहे. निवडलेली फिगर घरी न्यायची असेल तर लोक टीमला उपयोगी फिगर सोडून महागडी उचलतात. सगळ्या फिगर परत गोळा करून शेवटी क्रमवारीप्रमाणे वाटायच्या असतील, तर तीच माणसं मन लावून टीम बांधतात. पाकिटं तीच असतात, फरक पडतो तो नियमावलीतल्या एका ओळीने.

निवृत्तीचा नियम सगळ्यांत जास्त झोंबतो. हीरोक्लिक्सच्या ‘मॉडर्न एज’ स्पर्धेत अलीकडचेच संच चालतात. जुने संच ठरावीक काळाने निवृत्त होतात आणि मग ‘गोल्डन एज’सारख्या स्पर्धेतच खेळता येतात. काल सगळ्यांना हवी असलेली फिगर आज स्पर्धेत चालत नाही, आणि तिचा भाव त्याप्रमाणे पडतो. कंपनीला नवी पाकिटं विकायची असतात, हे खरंच. पण तेवढंच खरं नाही. प्रत्येक नवी फिगर आजवरच्या सगळ्या फिगरांबरोबर तपासून बघणं माणसाच्या आवाक्यातलं काम नाही. हजारो जुन्या क्षमतांपैकी कुठलीतरी एक नवीनशी जुळते आणि दुसऱ्या पाळीला डाव संपवणारी जोडी तयार होते. निवृत्ती नसती तर नव्या फिगर घाबरत घाबरत, मिळमिळीत बनवाव्या लागल्या असत्या. जुनं घेऊन बसलेल्याला हे ऐकून बरं वाटत नाही, मान्य आहे. त्याने गोल्डन एजची स्पर्धा शोधावी. मात्र तिथे वीसहून जास्त वर्षांच्या साठ्याशी गाठ पडेल, हे माहीत असू द्यावं.

छापून झाल्यावर येणाऱ्या दुरुस्त्यांचंही तसंच. एक्स-विंगच्या पहिल्या आवृत्तीत ‘डेडआय’ नावाचं एक कार्ड होतं. ते घेतलेली, टॉर्पेडो लादलेली तीन जम्पमास्टर यानं एका झटक्यात समोरच्याचं यान उडवायची. नंतर दुरुस्ती आली की हे कार्ड फक्त लहान यानांना, आणि जम्पमास्टर मोठं यान. छापील कार्डावर मात्र जुनाच मजकूर. घरी कार्ड वाचून टीम बांधणारा स्पर्धेच्या टेबलावर तोंडघशी पडायचा. दुसऱ्या आवृत्तीत पॉइंट कार्डावरून काढून अॅपमध्ये नेले, म्हणजे डोईजड यानाचे पॉइंट वाढवून त्याला आवरता येऊ लागलं. त्याबरोबर टीमला मुदत आली. या आवृत्तीच्या २०० पॉइंटांच्या मर्यादेत एका महिन्यात नेमका बसणारा ताफा पुढच्या महिन्यात २०४ चा झालेला असू शकायचा. नोंदणीच्या आदल्या रात्री यादी पुन्हा तपासा.

बारीकसारीक नियमही आधी वाचून ठेवा: वाकडा पडलेला फासा पुन्हा टाकायचा का, बैठक बदललेली किंवा स्वतः रंगवलेली फिगर चालते का, हात सोडल्यावर चाल परत घेता येते का. शेवटच्या बाबतीत घरी सगळे दिलदार असतात. स्पर्धेत पहिल्याच पाळीला समोरच्याशी बोलून घ्यावं. चौथ्या पाळीला, तुमचं चुकल्यावर, विचारलेलं त्याला आवडत नाही.

आणि एक वेगळाच नियम. विझकिड्सच्या स्पर्धांमध्ये विजेत्याच्या बक्षिसाबरोबर ‘फेलोशिप’ नावाचं दुसरं बक्षीस असायचं. ज्याच्याशी खेळून सगळ्यांत बरं वाटलं, त्याला खेळाडूंनीच मत द्यायचं. अनेकदा त्या बक्षिसाची फिगर विजेत्याच्या फिगरच्या तोडीची असायची. त्यामुळे तीन डाव हरून टायब्रेकरच्याही बाहेर गेलेल्या माणसाला शेवटचा राउंड नीट, हसतखेळत खेळायला कारण उरायचं. आघाडीवर असताना घड्याळाकडे बघत बसणाऱ्याला मतं पडत नसत. अर्थात चार मित्र एकत्र आले की आपसांत मतं वाटून घेत, आणि एकटा आलेला चांगला खेळाडू हात हलवत परत जाई. म्हणून काही ठिकाणी आयोजकांनी पुढची अट घातली: मत द्यायचं ते त्या दिवशी ज्यांच्याशी प्रत्यक्ष खेळलात त्यांच्यापैकीच एकाला.